वीस टक्क्यांचा शिक्का

[दृश्य: काखेतीतलं तळघर. जमिनीत पुरलेल्या रांजणाचं तोंड. आतून घासण्याचा आवाज.]

आवाज ऐका. खरर... खरर... माणूस दिसत नाही, तो आत आहे. चेरीच्या सालीचा घासणा घेऊन रांजणाची पोटं घासतोय.

जॉर्जिया या देशाच्या पूर्वेकडचा हा काखेती प्रांत. इथल्या जुन्या रीतीत वाईन लाकडी पिंपात नाही, मातीच्या रांजणात मुरते. या रांजणाला इथे क्वेव्री म्हणतात. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला. द्राक्षाचा रस, साली, बिया, देठ, सगळं एकत्र आत जातं. वर झाकण, कडेने ओली माती लिंपायची आणि पाच-सहा महिने हात लावायचा नाही. या देशात सापडलेल्या मातीच्या भांड्यांत आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाईनचे अंश मिळाले आहेत. २०१३ मध्ये युनेस्कोने ही रीत मानवजातीच्या वारशात नोंदवली.

रांजण घासणाऱ्या माणसाचा, परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर शिक्का मारणाऱ्या संसदेतल्या कायद्याशी काय संबंध? त्यासाठी २००६ मध्ये जावं लागेल.

[दृश्य: भरून ठेवलेल्या बाटल्यांच्या रांगा.]

त्या वर्षी मार्चमध्ये रशियाने जॉर्जियाची वाईन बंद केली. मे महिन्यात बोर्जोमीचं खनिज पाणीही. कारण सांगितलं दर्जाचं. तेव्हा निर्यातीच्या दहातल्या आठ तरी बाटल्या रशियाला जात. एका फतव्यानिशी बाजार बसला. द्राक्षं वेलीवर, माल गोदामात आणि गिऱ्हाईक नाही.

मग या लोकांनी नवी गिऱ्हाइकं शोधली. पोलंड, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका. दर्जा सुधारला, मोठ्या कारखान्यांच्या सावलीत मागे पडलेला रांजण पुन्हा मिरवू लागला. या धडपडीत युरोपीय संघाचा आणि अमेरिकेचा पैसा होता. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, हेझलनटच्या बागा, प्रदर्शनातले गाळे, प्रयोगशाळा, सगळीकडे तो दिसायचा. २०१४ मध्ये युरोपीय संघाशी करार झाला, २०१६ पासून तो पूर्णपणे लागू झाला. रशियाने २०१३ मध्ये बंदी उठवली आणि आज वाईनचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक पुन्हा रशियाच आहे. म्हणूनच दुसरं दार उघडं राहणं इथल्या व्यापाऱ्याला जिवाभावाचं वाटतं.

[दृश्य: तिबिलिसी. रुस्तावेली मार्ग, रात्र. पाण्याचे फवारे. युरोपीय संघाचा झेंडा धरून उभी असलेली बाई.]

मार्च २०२३. राजधानी तिबिलिसी, संसदेसमोरचा रुस्तावेली मार्ग. ही बाई हलत नाही.

संसदेत एक विधेयक आलं होतं. ज्या बिगरव्यापारी संस्थेचं किंवा माध्यमाचं वर्षाचं वीस टक्क्यांहून जास्त उत्पन्न परदेशातून येतं, तिने परकीय प्रभावाचा हस्तक म्हणून नोंद करायची. रशियाने २०१२ मध्ये असाच कायदा केला होता, त्यामुळे रस्त्यावर त्याला नाव पडलं ‘रुसुली कानोनी’, म्हणजे रशियन कायदा. लोक उतरले आणि तीन दिवसांत विधेयक मागे घेतलं गेलं.

३ एप्रिल २०२४ ला सत्ताधारी जॉर्जियन ड्रीम पक्षाने तेच विधेयक परत आणायची घोषणा केली. ‘हस्तक’ हा शब्द काढला. त्या जागी आलं ‘परकीय सत्तेचं हित जपणारी संस्था’. टक्के तेच, वीस.

आता व्यापाऱ्यांची बाजू नीट समजून घेऊ, कारण बातम्यांत ती दोन ओळींत उरकली जाते. कायदा कंपन्यांना लागू नव्हता, मग कंपन्यांनी का बोलायचं?

कारण व्यापारी एकटा बोलत नाही, त्याचा संघ बोलतो. चेंबर ऑफ कॉमर्स, उत्पादक संघ, पर्यटन संघ, या सगळ्या कायद्याने बिगरव्यापारी संस्थाच. आणि या कायद्यात ‘परकीय सत्ता’ म्हणजे नुसतं दुसरं सरकार नव्हे, परदेशात नोंदलेली कुठलीही कंपनीही त्यात येते. परदेशी सभासदांची वर्गणी वीस टक्क्यांपुढे गेली, की व्यापाऱ्यांच्या संघावरच शिक्का. वर न्याय मंत्रालयाला दर सहा महिन्यांनी तपासणीचा अधिकार. नोंद केली नाही तर २५ हजार लारी दंड. लारी म्हणजे इथलं चलन.

तिबिलिसीतल्या अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्सने उघडपणे चिंता व्यक्त केली. चेंबरचं काम गुंतवणूकदाराला या देशात बोलावण्याचं. पाहुण्याला घरी बोलवायचं आणि दारात त्याच्या नावाची नोंद संशयितांच्या वहीत करायची, हे चालत नाही. सगळे व्यापारी बोलले नाहीत, हेही खरं. ज्यांचं पोट सरकारी कंत्राटावर किंवा रशियाच्या मालावर आहे, त्यांना बोलणं महाग पडतं. बोलले त्यांचं मोल म्हणूनच जास्त.

सरकार म्हणत होतं, हा पारदर्शकतेचा कायदा आहे आणि अमेरिकेतही १९३८ पासून असा कायदा आहे. पण अमेरिकेचा कायदा विचारतो, तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून काम करता? इथला कायदा एवढंच बघत होता, पैसा कुठून आला.

[दृश्य: पैसे बदलून देणाऱ्या दुकानाची पाटी. आकडे बदलताना.]

ही पाटी बघा. एप्रिलच्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे २.७० लारी. जून संपताना २.८० च्या वर. खिडकीपाशी एक आजी नोटा दोनदा मोजते, पर्समध्ये ठेवते, पुन्हा काढून मोजते. मागच्या रांगेतून मराठी कानावर येतं. डॉक्टरकी शिकायला इथे भारतातली हजारो मुलं आहेत, त्यांत आपलीही.

मे महिन्यात राष्ट्रीय बँकेला साठ्यातले डॉलर विकावे लागले. टीबीसी आणि बँक ऑफ जॉर्जिया, देशातल्या या दोन्ही मोठ्या बँका लंडनच्या शेअर बाजारात आहेत. दोघींचे शेअर घसरले. पैशाने आपलं मत असं दिलं.

[दृश्य: संसद. मतदानाचा फलक.]

१४ मे, तिसरं वाचन. बाजूने ८४, विरोधात ३०. १८ मे ला राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिश्विली यांनी नकाराधिकार वापरला. २८ मे ला संसदेने तो मोडून काढला. ३ जूनला सभापती शाल्वा पापुआश्विली यांनी सही केली.

[दृश्य: काळ्या समुद्राचा किनारा, अनाक्लिया.]

हा अनाक्लियाचा किनारा. खोल पाण्याचं बंदर इथे व्हायचं आहे. अमेरिकन भागीदार असलेल्या गटाचा करार सरकारने जानेवारी २०२० मध्ये रद्द केला होता. नकाराधिकार मोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ मे २०२४ ला, जाहीर झालं की नव्या बोलीत एकच गट उरला आहे, चिनी कंपनीचा.

जुलैत अमेरिकेने साडेनऊ कोटी डॉलरहून अधिक मदत थांबवली, युरोपीय संघाने तीन कोटी युरो. १ एप्रिल २०२५ ला आणखी कडक कायदा आला. त्यात माणसांचीही नोंद आणि पाच वर्षांपर्यंत कैद. ३१ मे पासून तो लागू आहे.

[दृश्य: तिबिलिसीतली दुकानं, १५ जानेवारी २०२५.]

ही दृश्यं त्याआधीच्या जानेवारीतली. ऑक्टोबर २०२४ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर नव्या निवडणुकीच्या मागणीसाठी शेकडो व्यवसायांनी तीन तास काम थांबवलं, दुपारी तीन ते सहा. कॉफीचं यंत्र बंद झालंय. पोरगी एप्रन सोडते, काउंटरवर घडी घालून ठेवते, दिवा मालवते आणि फुटपाथवर शेजारच्या दुकानातल्यांसोबत जाऊन उभी राहते.

[निवेदन थांबतं. रस्त्याचा आवाज.]