काठीवाली राणी

मंडळी, बाहेरच्या फलकावर माझ्या विषयाखाली कंसात ‘अयोध्येची राजकन्या’ असं लिहिलंय. ती माझी करामत नाही. कोरियाच्या राणीवर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे सगळे तिथेच जाऊन थांबतात. अयुता नावाच्या देशातून सोळा वर्षांची हो ह्वांग-ओक जहाजानं आली आणि सुरो राजाची राणी झाली. ही कथा घडली म्हणे इसवी सन ४८ मध्ये, आणि आपल्याला मिळते ती तेराव्या शतकातल्या एका बौद्ध भिक्षूच्या ग्रंथात. मधे बाराशे वर्षं! आपण मात्र लगेच व्याही व्हायला तयार.

माझी राणी वेगळी. तिचं माहेर नक्की माहीत आहे, आणि माहेर असं की लग्नाच्या बैठकीत सासरच्यांनी खालच्या मानेनं बसावं. वडील मंगोल सम्राट कुबलाई खान. तिचं नाव कुत्लुग केल्मिश. मृत्यूनंतरच्या किताबामुळे कोरियन लोक तिला जेगुक राजकन्या म्हणतात.

थोडी पार्श्वभूमी देतो, कोरियन मालिका बघणाऱ्यांनी तेवढा वेळ विश्रांती घ्यावी. कोर्यो, म्हणजे तेव्हाच्या कोरियाच्या राज्यावर १२३१ पासून मंगोल स्वाऱ्या सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी दरबार गांगह्वा बेटावर जाऊन बसला तो थेट १२७० मध्ये राजधानी केसोंगला परतला. मग सोयरीक. मागणी कोर्योकडूनच गेली होती, हे विसरू नका. १२७४ मध्ये लग्न लागलं. नवरी पंधरा-सोळा वर्षांची, नवरा अडतिशीतला, त्याला आधीची बायको आणि मुलं. त्याच वर्षी तिचे सासरे वारले आणि नवरोजी चुंगन्योल राजे झाले. पहिली बायको जोंगह्वा एका रात्रीत धाकटी झाली. वयानं मोठी, मानानं धाकटी. हे गणित आपल्या वाड्यांनीही पाहिलेलं आहे.

आता काठी. नाही सांगितली तर तुम्ही मला घरी जाऊ देणार नाही.

राजा-राणी एका मंदिराकडे निघाले. राजा पुढे, राणी मागे. डोंगराच्या पायथ्याशी राणीनं पाहिलं की आपल्यासोबत माणसं फारच कमी आहेत. ती रागावून परत फिरली. राजालाही फिरावं लागलं. तो समोर येताच तिनं काठीनं त्याला मारलं. राजानं काय करावं? टोपी काढून फेकली आणि धावला एका सेवकावर: हे सगळं तुझ्यामुळे! (हसू नका, आपल्यातल्या किती जणांनी ऑफिसचा राग असा घरी काढलाय.) तिचा पारा जरा उतरला, वरात मंदिरात पोचली, आणि हा गृहस्थ तिची वाट न बघता आधी आत शिरला! पुन्हा शिव्या, पुन्हा काठी. एक दरबारी दुसऱ्याला म्हणतो, याहून मोठी नामुष्की कोणती?

हे सगळं ‘कोर्योसा’ या इतिहासात आहे. तिथे तिच्यावर आणखीही आरोप आहेत. एका मठातलं सोन्याचं मनोऱ्यासारखं स्तूपशिल्प तिनं राजवाड्यात उचलून आणलं. एका भिक्षुणीनं सिकाडा नावाच्या किड्याच्या पंखासारखं तलम कापड नजर केलं, तर ते विणणारी दासीच मागून घेतली. चिलगोजासारख्या बिया आणि जिनसेंग गोळा करून दक्षिण चीनला विकायची, आणि जिथे ते पिकत नाही तिथूनही वसुली. हे शेवटचं तर उघड जुलूम, तिची बाजू मी घेणार नाही. पण त्याच पानांत असंही आहे की राजा ससाण्यांच्या शिकारीत आणि गाण्याबजावण्यात रमला, तेव्हा वाद्यांवर राज्य चालल्याचं ऐकलं नाही, अशा अर्थाचं तिनंच सुनावलं. हे वाक्य कुणी मालिकेत घेत नाही.

आणि ‘कोर्योसा’ पुरा झाला १४५१ मध्ये. कोर्यो १३९२ लाच बुडालं होतं. म्हणजे लिहिणारे, ज्यांनी ते घराणं उलथवलं त्यांचे पगारी विद्वान. बखर वाचताना आपण विचारतो ना, कुणाच्या पदरी राहून लिहिलीय? तेच इथे विचारा.

पाच मिनिटं म्हणताय? चिठ्ठीत दहा होती... बरं.

तर मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी आलो. माझ्या मते ती सून कमी आणि तह जास्त होती. १२७८ मध्ये राजा तिला घेऊन कुबलाईच्या दरबारात गेला आणि मंगोल सैन्य व देखरेख करणारे अधिकारी कोर्योतून परत जातील हे मान्य करून घेतलं. १२९० मध्ये प्योंगयांगकडचा मंगोलांनी घेतलेला मुलूख परत मिळाला. साम्राज्याचा एक प्रांत करून टाकायचे प्रस्ताव पुढे आले, तरी कोर्यो राज्यच राहिलं, कारण राजा जावई होता. किंमतही चुकवली: जपानवरच्या दोन मोहिमांसाठी जहाजं आणि माणसं, राजाच्या किताबात पुढे ‘चुंग’, म्हणजे निष्ठा, आणि डोक्यावर मंगोल पद्धतीची वेणी. मंगोल राजकन्यांशी एकूण पाच राजांची लग्नं झाली. शेवटची नोगुक, १३६३ च्या बंडात राजा गोंगमिन लपला होता त्या खोलीच्या दारात ती बसून राहिली, म्हणून ती लाडकी. तिच्या हातात काठी नव्हती हेही कारण असावं.

माझ्या राणीचं शेवटचं दृश्य १२९७ चं. वडील तीन वर्षांपूर्वी गेले होते. माहेराहून परतल्यावर राजवाड्यात पिओनी फुलली होती. तिनं एक फांदी तोडायला सांगितली, बराच वेळ हातात धरली आणि रडली. थोड्याच दिवसांत गेली. तिच्या मुलानं मग बापाची आवडती बाई मुबी हिला जादूटोण्याच्या संशयावरून मारवलं, आणि बापाला नवी सोबतीण आणून दिली. ती विधवा होती, आणि पुढे बाप गेल्यावर त्या मुलानंच तिला... नाही, अध्यक्ष उभे राहिलेत. पुढच्या वर्षी बोलावलंत तर.