चार खोके रस आणि एक चमचा यीस्ट

(इंग्लंडमधल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रकावर 'वाइननिर्मितीचं शास्त्र' असं भारदस्त नाव छापलंय. घाबरू नका. ज्याला दही लावता येतं त्याला हे येतं. विरजण, ऊब आणि हात न लावण्याची सवय, एवढीच सामग्री. फरक इतकाच की दही सकाळी तयार असतं आणि इथे तीन-चार महिने थांबावं लागतं. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

द्राक्षं आणू नका. खाण्याची द्राक्षं महाग पडतात आणि त्यांची वाइन फिकी होते. हा सफरचंदाच्या रसाचा खोका कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधला आहे, तिथला सगळ्यात स्वस्त. असे १ लिटरचे ४ खोके, ४५० ग्रॅम साधी साखर, एक कप कडक कोरा चहा आणि एक चमचा यीस्ट. चहा कशाला, तर सफरचंदाच्या रसात तुरटपणा कमी असतो. तो नसला की वाइन सरबतासारखी लागते. चहातलं टॅनिन ते काम करतं.

खोका घेताना मात्र चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेन्झोएट लिहिलेलं असेल तर तो परत ठेवा. यीस्ट वाढू नये म्हणूनच ती घातलेली असतात. क जीवनसत्त्व असेल तर चालतं.

साखरेचा हिशेब मी शाळेतल्या मुलांसारखा फळ्यावर करतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल होतं. सफरचंदाच्या रसात मुळातच लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे चार लिटरांत ४००, वरची ४५०, झाले ८५०. सगळं मिळून सव्वाचार लिटर धरा. भागाकार करा, ११-१२ टक्के येतात. बाजारातल्या वाइनइतकेच.

बाकीची साखर जाते कुठे? वायू होऊन उडते. वजनाने जवळजवळ निम्मी. ८५० ग्रॅम साखरेतून २०० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही या एवढ्याशा बरणीतून. हा आकडा लक्षात ठेवा, माझ्या फजितीत तो परत येणार आहे.

आता कृती. बरणी आणि नळी आधी धुऊन निर्जंतुक करा. बाळाच्या बाटल्यांसाठी जे द्रावण मिळतं ते चालतं, फक्त नंतर भरपूर पाण्याने विसळा. थोडा रस कोमट करून त्यात साखर विरघळवा. सुरुवातीला तीनच खोके ओता, कारण पहिले दोन-तीन दिवस फेस असा चढतो की दूध उतू गेलेलं बरं. बोटाला कोमट लागेल इतपत निवलं की यीस्ट. पावाचं यीस्टही चालतं, पण वाइनला पावाचा वास राहतो आणि गाळ नीट बसत नाही. वाइनच्या यीस्टची पुडी फार महाग नसते, तिथे काटकसर नको. फेस ओसरला की चौथा खोका.

तोंडावर एअरलॉक बसवा. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. स्वयंपाकघरात रात्री 'बुडुक... बुडुक' ऐकू यायला लागलं की समजायचं, मंडळी कामाला लागली. हवा आत गेली तर जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करतात. तोही वाया जात नाही म्हणा, कोशिंबिरीला होतो.

आता फजिती. पहिल्याच वर्षी बुडबुडे थांबलेले दिसले आणि मी वाइन फिरकीच्या झाकणांच्या बाटल्यांत भरून जिन्याखालच्या कपाटात ठेवली. थंडी होती, यीस्ट झोपलं होतं, मेलं नव्हतं. लिटरमागे अवघी ४ ग्रॅम साखर उरली तरी लिटरभर वायू होतो, आणि माझ्या बाटल्यांत त्याहून बरीच जास्त होती. एप्रिलमध्ये ऊन पडलं आणि पहाटे स्फोट. सौभाग्यवतींना वाटलं बॉयलर गेला. कपाटात तिचे हिवाळी कोट होते. पुढचं सांगत नाही.

तेव्हापासून हायड्रोमीटर वापरतो, म्हणजे वाइनमध्ये तरंगणारी घनता मोजायची नळी; साखर संपत जाते तशी घनता उतरते. सुरुवातीला १.०७५ च्या आसपास घनता दिसते. ती १.००० च्या खाली येऊन आठवडाभर तिथेच राहिली, तरच बाटल्या. आधी नळीने वरची नितळ वाइन दुसऱ्या बरणीत काढून घ्यायची, गाळ हलवायचा नाही.

मघाशी कोणीतरी विचारलं, यातून विषबाधा होते का? बातम्यांतल्या विषारी दारूत बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं असतं. फळांच्या आंबवण्यात मिथेनॉल होतं, पण अत्यल्प. ऊर्ध्वपातन मात्र करू नका. विनापरवाना ते इथेही गुन्हा आहे. घरापुरती वाइन चालते, विकायची नाही. आणि हा फॉर्म्युला पुण्याच्या मेव्हण्याला पाठवू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही. गंमत म्हणजे त्याच मेव्हण्याच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असते. त्यातलं अल्कोहोलही असंच, धायटीची फुलं घालून आंबवल्यावर आपोआप तयार झालेलं. पण ते औषध.

असो. ही बाटली मार्चमध्ये भरलेली आहे. पेले लहान आहेत, पुढच्या रांगेने मागे पाठवा. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी नुसता वास घ्या.