गळतंय हे कळलं, पण कुठून?
(दापोलीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागे फळा दिसतोय ना? १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंक आहेत, मोजत बसू नका, मी घरून मोजून आलोय. २ चा ६७ वा घात, त्यातून १ वजा. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ साली सांगून टाकलं की ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. तो पाद्री, त्यात फ्रेंच, कोण उलट विचारणार! मग १८७६ साली लुका नावाच्या गणितज्ञाने दाखवलं की नाही हो, ही संयुक्त आहे, हिला भाग जातो. कशाने जातो? ते काही त्याला सांगता आलं नाही. (१८७६ म्हणजे आपल्या मुर्डीला रँग्लर परांजपे जन्मले ते साल. संबंध काही नाही, पण दापोलीत बोलतोय आणि हे सांगितलं नाही तर मला चहा मिळणार नाही.)

आता तुम्ही म्हणाल, भाग जातो म्हणतोस आणि कशाने ते माहीत नाही, ही काय थाप आहे? अहो, तुमच्यातल्या ज्यांच्या घरावर कौलं आहेत त्यांनी तरी हे विचारू नये. आमच्या माजघरात आषाढात बरोबर माझ्या टेबलावर थेंब पडायचा, चाचणीच्या पेपरांवर, एका पोराचे सतराचे सत्तर दिसायला लागले, त्याने अर्थातच तक्रार केली नाही. कौलं परतायला माणूस आणला, त्याने थेंबाच्या बरोबर वरची चार कौलं बदलली, पैसे घेतले, चहा प्यायला, गेला. रात्री परत टप टप. कारण पाणी शिरतं आढ्यापाशी, वाशावरून सरपटत येतं आणि पडतं भलतीकडेच. मग मी दर रविवारी स्वतः शिडी लावायला लागलो, एक खालून बादली ओतायला सांगायची आणि एक मी वर, म्हणजे उलट, बादली वर आणि बायको खाली, ती ओरडायची "इथे नाही हो!" दोन पावसाळे गेले. सापडलं ते कौल भिंतीपासून आठ हात लांब होतं आणि तडा केसाएवढा.

तर कोल नावाचा अमेरिकन प्राध्यापक १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गणित परिषदेत फळ्यापाशी गेला, २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, मग बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ मांडून गुणाकार केला. दोन्ही उत्तरं सारखी. एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला आणि टाळ्या! किती वेळ लागला विचारल्यावर म्हणाला म्हणे, तीन वर्षांचे रविवार. माझे दोनच वर्षांचे, आणि टाळ्या नाहीत.

अरे, चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा तर राहिलाच, लुकाला कळलं कसं? ताळा आठवतो ना शाळेतला? कोलचे दोन्ही अवयव घ्या, अंकांची बेरीज करत जा, पहिल्याची ३७, मग १०, मग १. दुसऱ्याची ६४, तीही शेवटी १. एक गुणिले एक एक, आणि फळ्यावरच्या संख्येची १०९, म्हणजे १. जुळलं. ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असं नाही, पण चुकला तर उत्तर नक्की चूक, फक्त चूक कुठल्या ओळीत ते तो सांगत नाही. लुकाचं तंत्र याच जातीचं, नंतर लेहमर नावाच्या गणितज्ञाने सोपं केलं: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, परत तेच. ६७ साठी ६५ वेळा. शेवटी बाकी शून्य तर मूळ, नाही तर संयुक्त. छोटं करून बघा, २ चा ११ वा घात वजा १, २०४७. नऊ वेळा केलं की बाकी १७३६. शून्य नाही, म्हणजे कुठेतरी गळतंय. कुठे? २३ गुणिले ८९, पण ते १७३६ कडे बघून कोणालाही कळणार नाही. असं का होतं त्याची सिद्धता... नाही, वेळ संपली, बाकीचं चहाला.