डॉ. जेरुशा झिराड आणि मुंबईतील बाळंतिणी

श्रोतेहो, नमस्कार.

शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना 'शनवार तेली' म्हटले जाई, त्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली या ज्यू समाजात 1890 साली जेरुशा झिराड जन्मल्या. लहानपणी त्यांची बहीण गंभीर आजारी पडली आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. बेन्सन यांच्या उपचारांनी वाचली. आपणही डॉक्टर व्हायचे, हे छोट्या जेरुशाने तेव्हाच मनाशी ठरवले. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण, मग ग्रँट मेडिकल कॉलेज, आणि 1919 मध्ये लंडनची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम.डी. पदवी, असा त्यांचा प्रवास झाला. पुढे 1928 मध्ये त्याच कामा रुग्णालयाच्या त्या पहिल्या भारतीय प्रमुख झाल्या आणि 1947 पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली.

त्यांच्याविषयी बोलताना 'पहिल्या'पणाचाच उल्लेख अधिक होतो. मला मात्र त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते 1937-38 मधील, मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी. त्या काळी अनेक बाळंतपणे घरीच होत. त्यामुळे रुग्णालयापर्यंत पोहोचलेली बाई वाचवता आली, तरी चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाती दगावलेल्या बाईचे काय झाले, हे डॉक्टरला कळण्याचा मार्गच नव्हता. दाखल्यावर केवळ 'ताप' असे लिहिले गेले, की तो ताप बाळंतपणातल्या जंतुसंसर्गाचा होता ही गोष्ट त्या बाईबरोबरच नाहीशी होई. म्हणून मृत्यू मोजणे आणि त्यामागचे कारण शोधणे, हासुद्धा उपचाराचाच भाग ठरतो. खाटेवरच्या रुग्णांनीच दिवस भरून जात असताना एका प्रसूतितज्ज्ञाने ही चौकशी अंगावर घ्यावी, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

हा प्रश्न केवळ प्रसूतीच्या घटकेपुरता नव्हता. या चौकशीच्या काही वर्षे आधी इंग्रज संशोधक डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाच्या एका प्रकाराचा अभ्यास करत होत्या आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज आपल्या गावात आशाताई गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी देतात, तिच्यात हेच फॉलिक अ‍ॅसिड असते.

डॉ. झिराड यांच्या चौकशीचा अहवाल 1941 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.