डोलारा तलावातलं बेट: भद्रावती पायी पाहताना

हा पूल कोणत्याच गावाला जात नाही. तलावातल्या बेटावर जातो आणि तिथंच संपतो.

आपण आहोत चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत. नागपूर–बल्लारशाह मार्गावरच्या स्टेशनाचं नाव मात्र अजून जुनंच आहे, भांदक. तिकीट त्याच नावानं काढा.

डोलारा तलावावर आल्या आल्या पुलावर चढायची घाई करू नका. आधी काठाकाठानं चाला, पूल बाजूनं बघा. दगडी खांबांच्या दोन रांगा, त्यांवर टाकलेल्या लांब तुळया, आणि त्या तुळयांवरून बेटावर जाणारी वाट. कमान कुठंच नाही. देवळांचे दगडी मंडप उभारणाऱ्या हातांनीच हा पूल बांधला असावा, असं मला तरी वाटतं. वरून चालणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ज्याचं नाव वेरूळच्या कैलास लेण्याशी जोडलं जातं, त्याचा इ.स. 772 चा ताम्रपट याच भांदकला सापडला. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 19व्या शतकात इथं येऊन गेला. सातव्या शतकातला चिनी प्रवासी युआन श्वांग यानं पाहिलेली दक्षिण कोसलची राजधानी ती हीच, असा त्याचा कयास. सगळ्या अभ्यासकांना तो पटलेला नाही. पण इथल्या शेताबांधावरचे घडीव दगड पाहिले की कनिंगहॅमला मोह का झाला असेल, ते कळतं.

तलावावरून पुढं विजासनची बौद्ध लेणी. टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारी गल्ली, आणि शेवटी बसलेला भव्य बुद्ध. डाव्या-उजव्या फाट्यांतही बुद्धमूर्ती आहेत. टॉर्च सोबत ठेवा, पण लगेच लावू नका. अंधाराला डोळे सरावू द्या. इथं लोक वंदनेला येतात, तेव्हा चपला बाहेर आणि आवाज हळू.

हे सगळं हिवाळ्यात करा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो. भर दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी चालणं म्हणजे तव्यावर पाय ठेवणं.

केसरिया पार्श्वनाथाचं जैन मंदिर गावातच आहे, तिथं यात्रेकरूंचा राबता असतो. भद्रनागाचं देऊळ निवांत बघायचं असेल तर नागपंचमी टाळा. किंवा मुद्दाम त्याच दिवशी या. दर्शनाला उशीर होईल, पण अख्खा तालुका भेटेल.