शेवटची पाळी आलीच नाही तर?

गेल्या महिन्यात माझ्या पोर्टेबल लाँचरची नवी आवृत्ती बाहेर पडली. सोबतच्या बदलांच्या यादीत चारच ओळी आहेत आणि त्यातली एक आयकॉन बदलल्याची. उरलेल्या तीन ओळींनी माझे चार महिने खाल्ले. ते कशात गेले, तेवढंच आज सांगतो.

लाँचर ही काही कुणी कौतुकानं बघावी अशी चीज नाही. आयकॉनवर डबल-क्लिक केलं की क्षणभर एक चित्र झळकतं आणि गेम सुरू होतो. पोर्टेबल म्हणजे हा गेम इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालला पाहिजे, आणि ज्या मशीनवर चालला तिथे त्याचं काहीही मागे राहता कामा नये. पहिली अट सोपी आहे. माणसं अडकतात ती दुसरीपाशी.

कारण गेम लिहितो कुठे, याला धरबंध नाही. विंडोज ३.१ च्या काळात प्रोग्रॅमची सेटिंग्ज आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असायची. विंडोज ९५ पासून सगळ्यांना रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या सामाईक कोठाराची, गोडी लागली. मग सेव्ह केलेले गेम कुणी डॉक्युमेंट्समध्ये ठेवायचं, कुणी अ‍ॅपडेटा या प्रोग्रॅमच्या डेटासाठीच्या फोल्डरमध्ये. विंडोज व्हिस्टानं तर आणखी गंमत केली. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला साध्या युजरला बंदी, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून त्यांचं लिखाण गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये वळवायचं. गेमला वाटतं, आपण आपल्याच घरात लिहिलं. लोक प्रोग्रॅम फाइल्समधलं ते फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाकतात आणि मला विचारतात, सेव्ह कुठे गेले? ते मुळात तिथे नव्हतेच.

लाँचरचं काम म्हणजे मांडणं आणि आवरणं. ज्या मशीनवर आपण पाहुणे आहोत तिथे हाच गेम आधीपासून असू शकतो. त्याच्या मालकाची सेटिंग्ज बाजूला उचलून ठेवायची, आपली मांडायची, गेम चालवायचा. गेम संपला की आपलं गुंडाळून पेन ड्राइव्हवर न्यायचं आणि मालकाचं होतं तसं परत लावायचं. कोड मोजलात तर निम्म्याहून जास्त ओळी गेम बंद झाल्यानंतरच्या आहेत.

आणि माझी चूक नेमकी तिथेच होती. मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो की शेवटी आपली पाळी येणारच.

ती न येण्याचे प्रकार बघा. काही गेम सुरू होताना दुसरी ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल चालवतात आणि पहिली बंद करतात. माझा लाँचर पहिलीवर डोळा ठेवून बसलेला. ती गेली की याला वाटायचं, खेळ संपला, आणि हा चालू गेमच्या पायाखालची सतरंजी गुंडाळायला लागायचा. याला उपाय विंडोजमध्येच होता, जॉब ऑब्जेक्ट. गेमला एका जॉबमध्ये घालायचं, त्यानं जन्माला घातलेल्या प्रोसेसही (चालू प्रोग्रॅम) आपोआप त्याच जॉबमध्ये येतात, आणि शेवटची संपेपर्यंत थांबायचं. एका दुपारचं काम होतं, मी ते तीन वर्षं टाळलं.

दुसरा प्रकार म्हणजे पेन ड्राइव्ह उपटणं. पूर्वी मी वापरणाऱ्यांना दोष द्यायचो. पण विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, असे ड्राइव्ह आपोआप ‘क्विक रिमूव्हल’वरच असतात. लिखाण चालू नसेल तर खुशाल काढा, असं विंडोजच म्हणतं. मग माझी तक्रार कुणाकडे?

तेव्हा नव्या आवृत्तीत शेवटच्या पाळीवर काहीच सोडलेलं नाही. पहिला प्रयत्न सरळ होता: गेमला अ‍ॅपडेटाचा पत्ताच खोटा द्यायचा. विंडोज असे पत्ते प्रोग्रॅमला ज्यातून सांगतं ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून लाँचर तिथे पेन ड्राइव्हवरचं फोल्डर टाकतो. जे गेम तो व्हेरिएबल वाचतात ते फसतात. जे थेट विंडोजला विचारतात ते फसत नाहीत, आणि असे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आता लाँचर सेव्हच्या फोल्डरवर नजर ठेवून असतो. तिथे काही हललं की विंडोज कळवतं, आणि हा लगेच पेन ड्राइव्हवर प्रत काढतो. लगेच म्हणजे अगदी लगेच नाही. गेम अर्धी फाइल लिहून झालेला असताना प्रत काढलीत तर अर्धीच फाइल मिळते. म्हणून दोन सेकंद शांतता बघायची, तात्पुरत्या नावानं प्रत लिहायची, ती ताडून बघायची आणि मगच खरं नाव द्यायचं. आधीची प्रत पुसायची नाही.

दोन प्रतींतली नवी कुठली, हे तारखेवरून ठरवू नका. हे जरा ठासून सांगतो. पेन ड्राइव्हवर बहुतेक वेळा फॅट३२ ही फाइली ठेवण्याची पद्धत असते आणि ती स्थानिक वेळ नोंदवते, तीही दोन सेकंदांच्या टप्प्यानं. एका टाइम झोनमधल्या मशीनवर खेळलात, दुसऱ्या झोनमधल्या मशीनवर लावलंत, की कालची फाइल आजच्यापेक्षा ‘नवी’ ठरू शकते. मी प्रत्येक प्रतीला चढता क्रमांक देतो. घड्याळाचा संबंधच नको.

तारखांचंच भावंड म्हणजे आवृत्तीचे आकडे. जुन्या आवृत्तीवर नवी चढवताना जुन्या सेव्ह फाइली नव्या फोल्डरमध्ये हलवायच्या होत्या, फक्त एकदा. माझा लाँचर १.९ आणि १.१० यांची तुलना अक्षरांप्रमाणे करत होता. अक्षरांप्रमाणे १.१० आधी येतं. त्याला वाटायचं आपण अजून जुनेच आहोत, आणि दर वेळी जुनं, आता रिकामं झालेलं फोल्डर तो नव्यावर आणून ओतायचा. एकाचा ईमेल आला, त्यात एकच ओळ होती: ‘काल ४७ व्या लेव्हलवर होतो, आज पहिल्या आहे.’ त्या रात्री मी ते डाउनलोड मागे घेतलं. तेव्हापासून डेटा फोल्डरचा स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, लाँचरच्या आवृत्तीशी त्याचं देणंघेणं नाही, आणि जुनं फोल्डर रिकामं असेल तर त्याला हातही लावत नाही.

ड्राइव्हचं अक्षर बदलतं हे तुम्हाला माहीतच आहे. काल ‘ई’ होतं, आज ‘जी’. लाँचर सेटिंग्जमधले जुने पत्ते नव्या अक्षरानं बदलतो. मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा ‘ई आणि कोलन’ दिसेल तिथे ‘जी आणि कोलन’ केलं. एका गेमच्या फाइलीत इंग्रजीत ‘साइझ’ लिहून पुढे कोलन होता. एस-आय-झेड-ई चं एस-आय-झेड-जी झालं आणि गेम टपाल तिकिटाएवढ्या खिडकीत उघडायला लागला. आता पूर्ण पत्ता जुळला तरच बदल होतो.

प्रकाशनाच्या दिवशीचं थोडक्यात. नव्या ईएक्सईला विंडोजच्या स्मार्टस्क्रीनकडे, म्हणजे अनोळखी फाइलींबद्दल सावध करणाऱ्या पहारेकऱ्याकडे, काही पत नसते, त्यामुळे पहिले काही दिवस इशारे येतात. आकार कमी करायला यूपीएक्स या साधनानं फाइल आवळलीत तर काही अँटिव्हायरस आणखी संशय घेतात. मी आवळणं सोडलं. डाउनलोडशेजारी एसएचए-२५६ चा हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून बघायचा ठसा, द्यावा. ‘अँटिव्हायरस बंद करा’ असा सल्ला मात्र कुणालाही देऊ नये, माझ्या मते तो निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

आता करून दाखवतो. या मशीनवर हा गेम आधीच आहे आणि त्याच्या मालकानं आवाज ४० वर ठेवलाय. मी पेन ड्राइव्हवरून तोच गेम चालवतोय, माझा आवाज ९०. ऐकू येतोय ना? एकदा सेव्ह करतो. दोन सेकंद. आता उपटतो.

गेम कोसळला, अपेक्षितच आहे, त्याच्या फाइली गेल्या. पण लाँचरनं सुरू होतानाच स्वतःची एक प्रत या मशीनच्या टेम्प फोल्डरमध्ये ठेवून तिथून काम चालवलं होतं. मालकाची सेटिंग्जही त्यानं इथेच बाजूला ठेवली होती. जुन्या आवृत्तीत ती पेन ड्राइव्हवर जायची, म्हणजे पाहुणा यजमानाचं सामान घेऊन पसार. आता मालकाचा गेम उघडतो, सेटिंग्ज, आवाज. ४०. पेन ड्राइव्ह या दुसऱ्या मशीनला लावतो, इथे त्याला ‘एच’ अक्षर मिळालंय. लाँचर विचारतोय, ‘मागचा खेळ अर्धवट तुटला होता, शेवटची प्रत वापरू?’ हो म्हणतो.

गेममध्ये सेव्ह केलं होतं त्या मघाच्याच दारापाशी उभे आहोत. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हात वर केलाय, विचारा.