छोटी शहरं का खचतात

(जुनी कृष्णधवल दृश्यं. ओव्हरकोट घातलेली माणसं रस्त्याने रांगेत चालताहेत.)

ऑक्टोबर 1936. इंग्लंडच्या ईशान्येला असलेल्या जॅरो या छोट्या शहरातून 200 माणसं पायी लंडनला निघाली. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. मागणी एकच, आमच्या शहराला काम द्या. जॅरोमध्ये तेव्हा दहातल्या सात कामगारांच्या हाताला काम नव्हतं.

जॅरो उभं होतं ते पामर्स या एका जहाज कारखान्याच्या जिवावर. जागतिक मंदीत जहाजांची मागणी आटली आणि 1933 मध्ये पामर्सला टाळं लागलं. इथवरची कथा मंदीतल्या कुठल्याही शहराची. खरी मेख पुढे आहे. जहाज बांधणाऱ्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन 'नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी' नावाची एक कंपनी काढली होती. हिचा धंदा काय, तर कारखाने विकत घ्यायचे आणि बंद करायचे, म्हणजे उरलेल्यांना काम पुरेल. तिने पामर्सची जागा घेतली आणि अट घातली की इथे पुढची 40 वर्षं कुणीही जहाज बांधायचं नाही.

मंदी काय, आज आहे, उद्या ओसरेल. ही अट ओसरणारी नव्हती.

मोर्चा महिनाअखेरीस लंडनला पोहोचला. पंतप्रधान बाल्डविन यांनी भेट नाकारली. त्याआधीच त्यांच्या व्यापारमंत्र्यांनी सांगून टाकलं होतं की जॅरोने आपला मार्ग आपणच शोधावा. वर, चाललेल्या दिवसांचा बेकारी भत्ताही कापला गेला. कारण काय? तेवढे दिवस तुम्ही कामासाठी उपलब्ध नव्हता!

एखादं शहर गरीब झालं की बाहेरची माणसं पहिल्यांदा तिथल्या लोकांकडे बोट दाखवतात. लोक आळशी आहेत, धडपड नाही, बदलायला नको. जॅरोचा इतिहास पाहिल्यावर हे बोलणं जड जातं. छोट्या शहराचं बरंवाईट बहुतेक वेळा त्याच्या हद्दीबाहेरच्या एखाद्या खोलीत ठरतं आणि त्या खोलीत शहराचं कुणीच बसलेलं नसतं. मोठ्या शहरात पन्नास धंदे असतात, त्यातला एक बुडाला तर बाकीचे माणसांना सामावून घेतात. छोट्या शहरात धंदा मुळात एकच.

(वाळूत रुतलेल्या, गंजलेल्या बोटी.)

उझबेकिस्तानातलं मोयनाक हे अरल समुद्रावरचं बंदर. कापसाच्या शेतीसाठी सोव्हिएत राजवटीने 1960 च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी मोठ्या प्रमाणावर कालव्यांत वळवलं. समुद्र मागे हटत गेला. आज पाणी मोयनाकपासून शंभरेक किलोमीटर लांब आहे. मासे डबाबंद करणारा कारखाना मात्र लगेच थांबला नाही. दूरच्या समुद्रांतले गोठवलेले मासे तिथे आणून तो काही वर्षं चालवला. बंदरात मासे बाहेरून! कागदावर रोजगार शाबूत होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तो आधारही गेला.

आता आपल्या देशात येऊ. कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ.

1880 च्या दशकात जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने इथे पद्धतशीर खाणकाम सुरू केलं. 1902 मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून खाणींपर्यंत आणली. देशातली बहुतेक शहरं तेव्हा रॉकेलच्या उजेडात होती. चँपियन रीफची खाण पुढे तीन किलोमीटरहून खोल गेली. घरं कंपनीची, दवाखाना कंपनीचा, क्लबही कंपनीचा. स्वातंत्र्यानंतर खाणी सरकारकडे आल्या, पण खोली वाढत गेली तसं दगडातलं सोनं कमी होत गेलं आणि ते काढायचा खर्च सोन्याच्या भावापुढे गेला. 28 फेब्रुवारी 2001 रोजी भारत गोल्ड माइन्स बंद झाली.

(पहाटेचा प्लॅटफॉर्म. डबे खच्चून भरलेले.)

कंपनी गेली की पगार जातो, एवढंच आपल्याला दिसतं. पण ज्या शहरात सगळंच कंपनीचं, तिथे नळ गळला तर सांगायचं कुणाला, इथून प्रश्न सुरू होतात. हे घर आपलं की कंपनीचं? दवाखाना आता कोण चालवणार? खाणीतून निघालेल्या मातीचे, सायनाइडची प्रक्रिया झालेले डोंगर शहरात उभे आहेत. वारा सुटला की ती धूळ घराघरात जाते. ती कुणाची जबाबदारी?

तरी केजीएफ रिकामं झालं नाही. हजारो माणसं रोज पहाटेची गाडी पकडून शंभरेक किलोमीटरवर बेंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परत येतात. शहर टिकलं ते रुळांमुळे. दिवसाचे चार-पाच तास गाडीत घालवून टिकणं, पण टिकणं. जवळ बेंगळुरू नसतं तर काय झालं असतं, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आता थोडं थांबून एका साध्या गोष्टीकडे पाहू, कारण सगळं कोडं तिच्यात आहे. कारखाना एका दिवसात बंद होतो. घरं बंद होत नाहीत. घर पन्नास, शंभर वर्षं उभं राहतं. काम गेलं की आधी तरुण निघतात, ज्यांच्या हाती शिक्षण आहे, ज्यांच्या मागे पाश नाहीत. मग डॉक्टर, शिक्षक. घर असलेला पन्नाशीचा माणूस कुठे जाणार? विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही, मिळालं तर त्या पैशात दुसऱ्या शहरात एक खोलीही येत नाही. तो अडकतो. दुसरीकडे रिकाम्या घरांची भाडी पडतात आणि ज्यांना इतर कुठेच परवडत नाही अशी माणसं बाहेरून येतात. म्हणजे शहर रिकामं होण्याच्या कितीतरी आधी गरीब होतं. आकडेवारीत लोकसंख्या दहा टक्क्यांनी घटलेली दिसते, पण गेलेले दहा आणि उरलेले नव्वद सारखे नसतात.

जमिनीखाली आणखी एक हिशोब चालू असतो. एक लाख माणसांसाठी टाकलेली जलवाहिनी वीस हजारांसाठी बारीक करता येत नाही. त्या रुंद नळातून पाणी हळूहळू सरकतं, दिवसचे दिवस आत साचून राहतं, त्यातलं क्लोरीन संपतं आणि मग नगरपालिकेला ते चांगलं पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं. गटारांचं उलटं. मैला वाहून न्यायला पुरेसं पाणीच येत नाही, तो तळाशी बसतो. पूर्व जर्मनीतल्या आक्रसलेल्या शहरांत गटारं वाहती ठेवण्यासाठी त्यांत स्वच्छ पाणी सोडायची वेळ आली. खर्च तोच, कधी जास्तच. वाटून घेणारे मात्र कमी. कर वाढवावा तर उरलेसुरले कमावते निघून जातात. न वाढवावा तर रस्ते उखडतात, दिवे जातात आणि तरीही ते निघूनच जातात.

जर्मनीने यावर एक वेगळाच उपाय केला. जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडची माणसं पश्चिमेला गेली आणि दहा लाखांच्या आसपास घरं ओस पडली. 2002 पासून सरकारने पैसे देऊन ती पाडायला सुरुवात केली. होयर्सवेर्डा या कोळसापट्ट्यातल्या शहरात 1980 च्या दशकात सुमारे 70 हजार लोक राहत, आता निम्म्याहून कमी. तिथे इमारती पाडल्या त्या शक्यतो कडेच्या, म्हणजे नळ आणि गटारं कडेपासून तोडत आणता येतात. सरकारी पैशाने धडधाकट घरं पाडणं कुणाला वेडेपणा वाटेल. मला तो या विषयातला सर्वांत शहाणा खर्च वाटतो.

(नकाशा. दोन रुंद नद्या एका टोकाला मिळतात.)

बाहेरच्यांनी काय केलं ते पाहिलं. आता शहर स्वतःचं काय करून घेऊ शकतं ते पाहू. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला केरो नावाचं शहर आहे. ओहायो आणि मिसिसिपी या दोन महानद्यांचा संगम. एकोणिसाव्या शतकात इथे मोठं महानगर होणार अशी अनेकांची खात्री होती. 1920 च्या जनगणनेत लोकसंख्या 15 हजारांवर गेली. 2020 मध्ये ती 1,733 उरली.

नदीवाहतूक रेल्वेने मागे टाकली, नदीवर पूल झाले तशा नावांच्या फेऱ्या थांबल्या, पुढे हमरस्ता शहराला टाळून गेला. पण असे धक्के त्या नद्यांकाठच्या कितीतरी शहरांनी पचवले. केरोने आणखी एक गोष्ट केली. 1960 च्या दशकात कृष्णवर्णीयांना पोहण्याच्या तलावात येऊ द्यावं लागेल अशी वेळ आली, तेव्हा शहराने तलावच बंद केला. पुढे तो बुजवला. 1967 मध्ये एका कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. पोलीस म्हणाले, आत्महत्या. लोकांचा विश्वास बसला नाही, दंगल पेटली. 1969 पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला. मागणी साधी होती, आमच्याकडून पैसे घेता तर आम्हाला गल्ल्यावर कामालाही घ्या. बहिष्कार वर्षानुवर्षं चालला. कित्येक दुकानदारांनी दुकान कायमचं बंद केलं, पण कृष्णवर्णीय माणूस नोकरीला ठेवला नाही.

यात तोट्याचा हिशोब कुणाला कळत नव्हता असं नाही. गिऱ्हाईक दारात उभं होतं. जातीच्या अभिमानापायी विहीर बुजवणारी माणसं आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे हे समजायला आपल्याला दुभाषा लागत नाही. 1986 मध्ये रुग्णालय बंद झालं. 2017 मध्ये केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने सरकारी वसाहतींतल्या सुमारे 400 रहिवाशांना सांगितलं, इमारती राहण्यालायक उरलेल्या नाहीत, दुसरीकडे जा. शहरात जागाच नव्हती. कित्येकांना शहर सोडावं लागलं.

(बर्फात बुडालेलं छोटं शहर. बंद दुकानांची शटर.)

शेवटचा मुक्काम जपान. होक्काइदो बेटावरच्या युबारीत एके काळी वीसहून जास्त कोळसा खाणी होत्या आणि 1960 मध्ये लोकवस्ती जवळजवळ 1 लाख 17 हजार. मग देश तेलाकडे वळला, परदेशी कोळसा स्वस्त पडू लागला, 1981 च्या खाणस्फोटात 93 जण गेले आणि 1990 मध्ये शेवटची खाण बंद झाली. खाण कंपन्या गेल्या आणि त्यांच्या चाळी, दवाखाना, पाणीपुरवठा नगरपालिकेच्या गळ्यात पडला.

मग महापौरांनी घोषणा दिली, कोळशाकडून पर्यटनाकडे. खाण संग्रहालय, मनोरंजन पार्क, बर्फावर घसरण्याचा रिसॉर्ट, हॉटेलं, चित्रपट महोत्सव. बुडणाऱ्या शहरांना पर्यटन फार लवकर सुचतं. धंदा गेला की कुणीतरी म्हणतंच, आपल्याकडे बघायला काय काय आहे! पण बघायला माणूस एकदा येतो. युबारीत तो एकदा आला आणि मग यायचा थांबला. कर्ज मात्र थांबलं नाही.

ते लपवलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. जपानी नगरपालिकांचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, पण त्या वर्षाचा हिशोब मेअखेरपर्यंत उघडा असतो. या दोन महिन्यांत नव्या वर्षाच्या खात्यातून पैसे काढून जुन्या वर्षाचा खड्डा भरायचा. कागदावर दोन्ही वर्षं स्वच्छ. पुढच्या वर्षी तेच, खड्डा थोडा मोठा. 2006 मध्ये हे बाहेर आलं तेव्हा तूट 35 अब्ज येनच्या वर होती आणि मार्च 2007 मध्ये युबारी अधिकृतपणे दिवाळखोर ठरलं. फेड 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत चालणार असं ठरलं.

171 खाटांचं रुग्णालय 19 खाटांचा दवाखाना झालं. प्राथमिक शाळा एक उरली, माध्यमिक एक. कर वाढले, पगार कापले, नगरपालिकेची निम्म्याहून जास्त माणसं गेली. अर्थात, ज्यांच्या हाती चांगली नोकरी लागू शकत होती तीच आधी गेली. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसात हजारांच्याही खाली होती आणि त्यातले निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढचे.

2011 मध्ये नाओमिचि सुझुकि हे 30 वर्षांचे गृहस्थ महापौर झाले. स्वतःचा पगार त्यांनी 70 टक्के कमी ठेवला. युबारी वाढेल असं आश्वासन त्यांनी दिलं नाही. दऱ्यांमध्ये विखुरलेल्या जुन्या खाणवस्त्यांतली माणसं थोडी थोडी मध्यावर आणायची, निम्म्या रिकाम्या इमारतींतली बिऱ्हाडं एकत्र करायची, मग रिकाम्या झालेल्या इमारतीचा पाणीपुरवठा आणि तिथल्या रस्त्यावरचा बर्फ उपसणं थांबवायचं, असं काम त्यांनी धरलं. घर सोडायला म्हातारी माणसं सहज तयार होत नाहीत. एकेका बिऱ्हाडाशी बोलणी करावी लागली.

आणि मग रेल्वे. युबारीची 16 किलोमीटरची शाखा तोट्यात होती, आज ना उद्या कंपनी ती बंद करणार हे दिसत होतं. अशा वेळी इतर शहरं सह्यांच्या मोहिमा काढतात, निवेदनं देतात आणि शेवटी रिकाम्या हाताने बसतात. सुझुकि 2016 मध्ये स्वतःच कंपनीकडे गेले. शाखा बंद करा म्हणाले, पण बदल्यात बससेवेसाठी पैसे द्या आणि शहराच्या नव्या बहुउद्देशीय केंद्रासाठी जागा द्या. सौदा ठरला. शेवटची गाडी 31 मार्च 2019 रोजी धावली. पुढच्याच महिन्यात सुझुकि होक्काइदोचे राज्यपाल म्हणून निवडून आले. युबारीत आता बस धावते.